कासवासाठी थांबलेली बस

बाबा, हत्तीच्या बसचं ते पुस्तक आज सापडलं. गुरुग्रामच्या या बाराव्या मजल्यावर मी एकटीच असते. सापडलं हे सांगायलाही कुणी नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, हे मी आता मोजत नाही.

मी सहा वर्षांची असेन. फुटपाथवरून आणलेलं इंग्रजी पुस्तक. हत्ती बस चालवतो, ससा स्कूटर, माकड क्रेन, आणि सगळे एकमेकांचे जिवलग. दिल्लीत पोरीचं मराठी बुडेल, ही तुम्हाला धास्ती. ऑफिसात नियमांच्या पुस्तकांत दुरुस्तीच्या चिठ्ठ्या डकवायचात, तशा तुम्ही पानोपानी मराठीच्या डकवल्यात. डिंक एकाच कडेला, कारण खालचं जुनं वाचता आलं पाहिजे. कोपऱ्यात क्रमांक आणि चक्क तुमची सही! सरोजिनीनगरच्या क्वार्टरात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तुम्ही वाचताय, मधेच गिअरचा आवाज काढताय आणि आई पोळी लाटता लाटता म्हणतेय, "ड्रायव्हरसाहेब, जरा हळू, दूध उतू जाईल."

इंग्रजी वाचता यायला लागल्यावर मी शेवटची चिठ्ठी उचलून पाहिली. खाली छापलं होतं की कासवाला उशीर झाला आणि बस निघून गेली. तुमच्या चिठ्ठीत बस थांबली होती. मी ती टरकावून टाकली. "खोटं लिहिलंत तुम्ही!" तुम्ही रागावला नाहीत. "अच्छा, पकडलंस तर," म्हणालात. "बिल्कुल खोटं. पण आपल्या घरी थांबतात."

मग परदेशी कंपन्या आल्या, गुडगावच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकीत मला नोकरी लागली. तुम्हाला कोण अभिमान! आई गेल्यावर दर शनिवारी तुम्ही पोह्यांचा डबा घेऊन बसने यायचात आणि मी स्टॉपवर घ्यायला यायचे. एका शनिवारी आले नाही. संध्याकाळी फोनवर म्हटलं, मीटिंग होती. तुम्ही म्हणालात, "अगं, मलाही परतीची बस लगेच मिळाली." दोन तास उन्हात उभे होतात, हे पुढे तुमच्या शेजारच्या काकूंकडून कळलं.

मीटिंग खरीच होती. पण ती संपल्यावर साहेबांच्या गाडीतून आम्ही जेवायला निघालो, ते त्याच स्टॉपवरून. तुम्ही होतात तिथे, कापडी पिशवी छातीशी धरून. गाडी थांबवा, हे माझे वडील, एवढंच म्हणायचं होतं. मला त्या पिशवीची लाज वाटली, बाबा.

शेवटच्या पानावर आता डिंकाचा पिवळा पट्टा तेवढा उरलाय. आज मी त्या मापाची चिठ्ठी कापली, कडेला डिंकही लावला, आणि तशीच बसून राहिले. गाडी थांबली असं माझ्याच्याने लिहवत नाही. हे पत्र आता त्याच पानात ठेवीन. त्या शनिवारी स्टॉपवर तुम्ही हात वर केला होतात. आमच्या मागून बस येत होती. तो हात बससाठी होता की माझ्यासाठी, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.