पिवळट झाक

ता. ४

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. फोनवर बोलले की हे शेजारच्या खोलीतून कान देतात, म्हणून लिहिते. काळेपांढरे फोटो घरीच छापायचं खूळ तू तुझ्या दाजींच्या डोक्यात भरलंस आणि माझ्या घराचा छापखाना झाला. रंगीत शाया मिसळून करडा काढला, तर म्हणे हिरवट. तू म्हणालास ट्यूबलाइटखाली बघू नका, खिडकीशी बघा. खिडकीशी नेला, तर पिवळट! मला मेलीला ना हिरवा दिसतो ना पिवळा. प्रदर्शन पुढच्या महिन्यात, आयुष्याचं काम भिंतीवर लागायचं, आणि अजून एक फोटो पसंत नाही. नुसती आदळआपट. काल म्हणाले, माझा हात गेला. असं बोलणारा माणूस नाही रे हा. काहीतरी कर, पण लवकर. भाषण नको.

तुझी ताई

ता. ९

ती. ताईस,

सा. न. भाषण नाही, पार्सल पाठवतोय. त्यात नुसत्या काळ्या-करड्या शाया आहेत. प्रिंटरच्या नळ्या धुऊन रंगीत शायांच्या जागी याच भरायच्या. सोबत सॉफ्टवेअर आहे. कुठे कोणती शाई किती पडायची ते तेच ठरवतं, प्रिंटरची मनमानी चालत नाही. आमच्या फोटो लॅबमध्ये दाजींनी काढलेलाच एक फोटो छापून पाहिला, करडा म्हणजे अगदी करडा. यात पिवळी शाईच नाही, तर पिवळेपणा येईल कुठून? आता तक्रार केली तर दाजींना चष्माच पाठवतो म्हणावं.

तुझा लोभ आहेच, ओरडा जरा कमी असावा.

तुझा धाकटा

ता. २०

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझी चष्म्याची थट्टा यांना वाचून दाखवली नाही, बरं झालं.

शाया भरल्या, सॉफ्टवेअर लागलं, तरी पिवळट. मग अगदी फिकट करड्याची पट्टी वेगळी छापली. मी कडा कापत होते. घाईत पट्टीऐवजी कापलेली कोरी कडच यांच्या हातात गेली. खिडकीशी धरून म्हणाले, बघ, या करड्यात पिवळी झाक आहेच. पांढऱ्याशुभ्र कोऱ्या कागदात रे! तुला ठाऊक आहे, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. पण तेव्हा ती कड काढून घेतली आणि पदराखाली लपवली.

जेवताना सांगून टाकलं, तो कोरा कागद होता म्हणून. आधी माझ्यावर खेकसले. मग ताट सरकवून म्हणाले, रात्री समोरच्या गाडीचे दिवे पसरल्यासारखे दिसतात, बरेच दिवस झाले. शहाण्यानं शाई बदलली, सॉफ्टवेअर बदललं, डॉक्टरचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी हाताला धरून नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गुरुवारी एका डोळ्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, चिंता नको. हे म्हणतात, मी न पाहिलेला फोटो भिंतीवर लागणार नाही, प्रदर्शन गेलं तर गेलं. वरून शांत आहेत, पण काल एकेका फोटोसमोर उभे राहत होते, निरोप घेतल्यासारखे. मी ओरडून हाकललं तिथून.

तुला कळवू नको म्हणालेत. कळवते. त्यांना आत नेतील, आणि बाहेरच्या बाकावर मला एकटीला बसवणार नाही. जगाला दटावते, पण हे जमायचं नाही. बुधवारीच ये. शाई-बिई काही आणू नकोस.

तुझी ताई