गोफणीला चार की आठ?

मारुंजी,
४ जानेवारी २०२६

ती. दादूकाकांना निशिगंधाचा सा. न. वि. वि.

काका, फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे काकूने अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायचं आणि तुम्ही भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं. कारखान्यातल्या प्रेसशॉपच्या धडधडाटाने तुमचे कान नेले तेव्हापासून आपलं हे पत्रांचं चाललंय, ते मला तरी आवडतं. बाळूदादा कंपनीची बस घेऊन रोज हिंजवडीला येतोच, तोच आपला पोस्टमन.

आज काम काढलंय. दर रविवारी आम्ही ऑफिसातले पाच जण माझ्या खोलीवर एक खेळ खेळतो. टेबल, फासे आणि कागद, बस्स. एकजण गोष्ट रचतो, बाकीचे त्यातलं एकेक माणूस होतात. काय करायचं ते आपण सांगायचं, जमलं की नाही ते फासा सांगतो. मी आहे साळू, शेताची राखणदारीण. दोन वर्षं जगवलीय तिला! हत्यार गोफण. आता नियमाच्या पुस्तकातला अन्याय ऐका. बाणाचा मार आठ बाजूंच्या फाशाने मोजायचा आणि गोफणीचा चार बाजूंच्या. म्हणजे साध्या सुरीएवढा! गोष्ट रचणारा धम्मरत्न म्हणतो, गोफण म्हणजे पाखरं हाकायचं खेळणं, पुस्तक बरोबर आहे. मी म्हटलं, माझ्या काकांनी दहा सुगी शेतातल्या माळ्यावर उभं राहून ज्वारी राखलीय, त्यांनाच विचारते. तर खरं काय ते लिहा, आणि जरा माझ्या बाजूने लिहा.

अंजलीताईच्या चिखलीच्या फ्लॅटची वास्तुशांत ८ फेब्रुवारीला आहे. तुम्ही याल ना? पोटच्या लेकीच्या, म्हणजे तिच्याच हळदीत तुम्ही बाळूदादाच्या बसमध्ये जाऊन बसला होतात, ते ती अजून विसरलेली नाही.

काकूला नमस्कार. माया आहे तेवढीच राहू द्या, वाढली तर उत्तम.

तुमची,
निशिगंधा

---

कुरुळी,
७ जानेवारी

चि. निशिगंधा हीस दादूकाकाचे अनेक आशीर्वाद.

कोण हाय गं हा धम्मरत्न? त्याला म्हणावं, सुरीनं म्हशीचं शिंग मोडून दाव. मी मोडलंय. बारा वर्षांचा होतो. पाखरांवर मारलेला दगड शेजारच्या आबाजीच्या म्हशीला लागला आन् शिंग खाली. वडलांनी मला असा धुतला की दोन दिवस उभ्यानंच जेवलो.

पुस्तक लिहिणाऱ्यानं गोफण हातात धरलेली न्हाई, हे उघड हाय. दिसंल तो दगड चालत नसतो. नदीतला गुळगुळीत, लिंबाएवढा पायजे. न्हाईतर चिकणमातीचे गुंडे वळून उन्हात वाळवायचे, सगळे एका वजनाचे. वजन बदललं की नेम गेला. शिनिमात गरागरा फिरवत बसतात, ती नुसती हवा. एका दोरीचा फास बोटात, दुसरीची गाठ चिमटीत, एकच फेरा, आन् सोडायची. पन्नास पावलांवरचं मडकं फोडायचो मी.

पण तुझ्या बाजूनं लिहा म्हणालीस, ते जमायचं न्हाई. लिहायचं तर सगळंच लिहिणार. शिकायला दोन सुगी जातात, पहिल्या सुगीत दगड मागंच जातो. चारी अंगाला दोन-दोन हात मोकळी जागा लागते, न्हाईतर आपलाच माणूस फुटतो. घरात, बोळात गोफण म्हंजे नुसती सुतळी. आन् निम्मं काम मारानं होतच न्हाई, आवाजानं होतं. सुटताना दोरी अशी कडाडते की भोरड्यांचा आख्खा थवा उठतो. काय गोड आवाज तो! त्येवढा एकदा परत ऐकायला मिळायला पायजे होता.

अंजलीचं बघू. काकू म्हणती, हे पत्र लिहिताना मी एकटाच हातवारे करत होतो. तुझ्यावर जीव हाय, तो हायच.

तुझा,
दादूकाका

---

मारुंजी,
१२ जानेवारी

ती. काकांना सा. न.

म्हशीच्या शिंगापुढे धम्मरत्नने हात टेकले. गोफणीला आठ मंजूर! पण मेला इमानदार निघाला, दोन हात मोकळ्या जागेचा नियमही त्याने मंजूर करून टाकला. आणि आमची शेवटची लढाई कुठे, तर राक्षसाच्या गुहेत, बोळाहून अरुंद. म्हणजे काका, तुम्हीच साळूला आठ मिळवून दिले आणि तुम्हीच तिच्या हातात सुतळी दिलीत. थोडं खोटं लिहिलं असतंत तर काय आभाळ कोसळलं असतं?

असू दे. सगळ्यांनी ठरवलंय की १ फेब्रुवारीच्या रविवारी तुम्ही इथे यायचं. सकाळी मागच्या पडीक रानात गोफण दाखवायची, मग आमच्यात बसून खेळायचं. जेवायला मी मटण करणार आहे. नाही म्हणायचं नाही.

वाट बघणारी,
निशिगंधा

---

कुरुळी,
१५ जानेवारी

चि. निशिगंधा हीस आशीर्वाद.

न्हाईच म्हणतोय. रागावू नको, एकदा सांगूनच टाकतो. पाच माणसं बोलाय लागली की मी नुसती तोंडं बघत बसतो. एकाचं तोंड धरावं तोवर दुसरा कायतरी बोलून गेलेला असतो. सगळी हसली की मी पण हसतो, पण त्यांचं हसून झाल्यावर. मग एखादं माणूस माझ्याकडं वळून बघतं. ते बघणं मला सोसत न्हाई बघ. म्हणून हळदीत बसमध्ये जाऊन बसलो. वास्तुशांतीला पण तेच होणार, मग जायचं कशाला? अंजलीला यातलं कळू देऊ नको, ती रडंल.

माझ्या हातची अंबाडीची गोफण बाळूबरोबर पाठवतोय आन् बारा गुंडे. याच आठवड्यात वळून वाळवलेत, काकूच्या काट्यावर वजन करून. मोकळ्यात मारा.

लोभ कमी करू नको.

तुझा,
काका

---

मारुंजी,
२४ जानेवारी

ती. काकांना सा. न.

पहिला गुंडा मागेच गेला. मारणारा धम्मरत्न, आणि फुटला तो त्याच्याच स्कूटरचा आरसा. तुमच्याबद्दलचा आदर तेव्हापासून फार वाढलाय.

एक गुन्हा कबूल करते. अंजलीताईला नाही सांगितलं, पण तुमचं पत्र मी धम्मरत्नला वाचायला दिलं.  दोन दिवसांनी तो एक नवा नियम घेऊन आला, कुठल्याच पुस्तकात नसलेला. गुहेत राक्षस झोपलाय. ज्याच्या तोंडून आवाज निघेल, त्याच्यामुळे तो उठेल. म्हणून गुहेत शिरल्यापासून कोणीही बोलायचं नाही. जे काय असेल ते चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी टेबलभर फिरवायची. तो म्हणाला, काकांना सांग, ही दया नाही, मला खरंच असं खेळून बघायचंय, आणि चिठ्ठी लिहिण्यात आमच्यातला एकही त्यांच्या पासंगाला पुरणार नाही.

काका, या ना. चष्मा विसरू नका. बाळूदादा सोडायला तयार आहे.

तुमचीच,
निशिगंधा

---

कुरुळी,
३ फेब्रुवारी

चि. निशिगंधा हीस आन् तुझ्या सगळ्या टोळीला आशीर्वाद.

परवा तुमच्याकडनं येऊन घरात पाय ठेवला तोच काकूनं खुणेनं विचारलं, दिवसभर काय केलंत. मी म्हटलं, कुणी एक शब्द बोललं न्हाई, पण लई गप्पा झाल्या. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

सकाळचा गोफणीचा आवाज काय मला आला न्हाई. पण खांद्यापर्यंत झटका आला, आन् समोरच्या इमारतीवरचे पारवे सगळे एकदम उठले. म्हंजे कडाडली आसंल. मी डोळ्यानं बघितली.

दुपारचं आठवून अजून हसतोय. मी धम्मरत्नच्या शेजारी, म्हणून त्याची चिठ्ठी पहिली माझ्या हातात. राक्षस झोपेत बायकोला सांगतोय म्हणं, दळण उद्या नक्की आणतो! मला वाटलं मी मनातच हसलो. वर बघतो तर तुमची तोंडं उघडी आन् धम्मरत्न टेबलावर बुक्क्या मारतोय. किती मोठ्यानं हसलो गं मी? राक्षस उठला तो माझ्यामुळं, आपण बाहेर मोकळ्यात पळालो ते माझ्यामुळं, आन् साळूला दोन हात जागा मिळाली ती पण माझ्यामुळंच. तू फासा टाकलास आन् आठ! तेवढं मटण त्यावर वसूल.

पण पोरी, सगळ्यांच्या आधी हसलो मी. किती वर्षांनी, ते मोजत बसत न्हाई.

अंजलीला कालच पत्र टाकलंय की रविवारी सकाळी आठलाच येतो. सुतळीनं बांधून कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा केलाय. पेनं चार घेतलीत, एक मला आन् तीन पाव्हण्यांना.

भेटूच. जीव लावलास, तसाच लावत राहा.

तुझा,
दादूकाका