सौ.च्या गैरहजेरीतली घरव्यवस्था

१२ एप्रिल १९३१, रविवार.
सौ. आज सकाळच्या बोटीने माहेरी केळशीला गेली. तिची भावजय माघात वारली. भाऊ गंगाराम एकटा, पदरात दोन पोरे. आठ दिवस हातभार लावायला म्हणून गेली. मी परवानगी दिली. म्हणजे मी पेपर वाचत होतो, ती बोचके घेऊन दारात उभी राहिली आणि 'जाते' म्हणाली. मी 'हं' म्हटले. ही परवानगीच. बायका 'येते' म्हणतात, पण घाईत शब्द चुकतो.
काल दुपारी जेवताना माझे ताट जरा सरकले. त्याचा या जाण्याशी काही संबंध नाही.

१३ एप्रिल, सकाळी.
घरकाम हा निव्वळ सिस्टिमचा प्रश्न आहे. फुलस्केपवर टाइमटेबल केले. विहिरीचे पाणी दहा मिनिटे, केर पाच, स्वैपाक पस्तीस, भांडी दहा. एकूण एक तास. बायकांना दिवस का पुरत नाही, देव जाणे. सौ. आली की हा कागद तिच्यापुढे ठेवीन. आभार मानील.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.
चूल पेटत नाही. लाकडे ओली दिसतात. एप्रिलात लाकडे ओली कशी, याची चौकशी करावी लागेल. कचेरीतल्या भिकाजीकडे जेवलो.

१५ एप्रिल.
चूल पेटली. भात तळाला करपला, वर कच्चा राहिला. मधला थर उत्तम. तेवढा खाल्ला. सौ.चा भात कसा असतो ते आठवून पाहिले. आठवेना. एकोणीस वर्षे खाल्ला, पण पाहिला कधी नाही.

१८ एप्रिल.
कुळथाची पिठी केली. आमच्याकडे आठवड्यातून चारदा होते आणि मी चारही वेळा 'पुन्हा पिठीच का?' असे विचारतो. आज मीच केली म्हणून कोणाला विचारायचा प्रश्न नव्हता. सगळ्या गुठळ्या. शेजारच्या यमुनाबाईंनी मधल्या दगडी गडग्यापलीकडून विचारले, पीठ आधी गार पाण्यात कालवलेत का? मी सांगितले, माझी पद्धत वेगळी आहे. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरे वाटले असते.

२० एप्रिल.
आठ दिवस झाले. ऑफिस सुटल्यावर सहज बंदरावर फिरायला गेलो. योगायोगाने बोट आली. सौ. उतरली नाही. बोटीला गर्दी असणार.

२३ एप्रिल.
बंदरावरची हवा मला मानवते असे दिसते. रोज जातो. बोट आली. गर्दी नव्हती.

२६ एप्रिल, रविवार.
टाइमटेबलात सारवण घालायचे राहिले होते. तसेच कंदिलाच्या काचा, विरजण, तांदूळ निवडणे, विहिरीचा तुटलेला दोर आणि मांजर. कागद फाडला नाही, दुरुस्त केला. आता दिवस अठ्ठावीस तासांचा होतो.
सारवताना गुडघे गेले. विळीवर नारळ खवताना डावा अंगठा कापला. सौ.च्या डाव्या अंगठ्यावर एक पांढरी रेघ आहे. ती कशाची, हे विचारायचे राहूनच गेले होते.

३० एप्रिल.
सौ.ला पत्र टाकले. 'घर उत्तम चालले आहे. काळजी नसावी.' काळजी वाटून ती लगेच निघेल असा माझा हिशेब आहे. भिकाजीने विचारले, वहिनी कधी येणार? म्हटले, पोरे सोडीत नाहीत.
ता. १२ च्या नोंदीत एक दुरुस्ती. ताट सरकले नव्हते. मी सरकवले.

५ मे.
उत्तर नाही. यमुनाबाईंनी वाटीभर बांगड्याचे कालवण आणून दिले. एक घोट घेतला आणि तोंडून निघून गेले, 'छान झालंय हो.' त्या उंबऱ्यातच थबकल्या.
"हा शब्द तुमच्या घरातून कधी ऐकू नाही आला," म्हणाल्या. "आमच्याकडे सगळं ऐकू येतं हो. गडगा तो केवढा!"
काय काय ऐकू आले, ते विचारले नाही.
पुन्हा दुरुस्ती. ताट भिरकावले. आमटी खारट म्हणून. भिंतीवर डाग आहे. तिने भांडी गोळा केली, भात वेचला, जमीन पुसली आणि मला दुसरे ताट वाढून दिले. ते मी जेवलो. त्यातले मीठ बरोबर होते. आमटी तीच होती.

८ मे.
पक्का निश्चय. स्वतः जाऊन घेऊन येतो. पावसाळ्यासाठी बोटी चोवीस तारखेला बंद होतात, मग गणपतीपर्यंत वाट नाही. रजा मंजूर. भाषणाचे तीन मुद्दे काढले. एक, झाले गेले मी मोठ्या मनाने विसरलो. दोन, टाइमटेबल. तीन, पिठीला माझी हरकत नाही. येताना दोघांची जागा सांगून ठेवली.

१४ मे.
काल केळशीहून आलो. एकटा.
हर्णैला उतरलो, आंजर्ल्याची खाडी तरीतून ओलांडली, पुढे बैलगाडी. पोचलो तेव्हा सौ. अंगणात फणसाची साटे उन्हात घालीत होती. पोरांशी काहीतरी बोलत हसत होती. तिचे दात इतके सारखे आहेत हे मला माहीत नव्हते. मला पाहून हसणे थांबले. पाय धुवायला पाणी दिले. पान मांडले. भात आणि पिठी.
माझ्या शेजारी गंगारामची सात वर्षांची राही जेवायला बसली. एक घास घेतला आणि म्हणाली, "आत्या, मस्त झालीय गो! आणखी घाल."
इतके सोपे.
मी तिन्ही मुद्दे विसरलो. म्हणालो, "खरंच चांगली झालीय."
सौ. डाव हातात धरून तशीच राहिली. मग राहीला वाढून झाल्यावर, तिच्याकडेच पाहत म्हणाली, "तुम्ही असं म्हणाल त्या दिवशी आपल्या किल्ल्यावरच्या भगवतीला नारळ देईन, असं बोलले होते मी. लग्न झालं त्याच वर्षी. सात वर्षं वाट बघितली. मग किल्ल्यावर जाऊन देवीला सांगून आले, माझं बोलणं मी माघारी घेते म्हणून."
मी म्हणालो, "आता देऊ की. चल. दोघांनी जाऊन देऊ."
"रागानं नाही सांगत हो," ती म्हणाली. "तुम्ही पहिला घास घ्याल तोवर माझा जीव थाऱ्यावर नसायचा. मग मला जेवण जायचंच नाही. इथं मला भूक लागते."
मी वर पाहिले. तिचे गाल भरले होते. महिनाभरात.
पान स्वच्छ संपवले.
निघताना गंगाराम म्हणाला, "भावोजी, पावसाळा जाऊ दे. मग बघू."
म्हणजे पावसाळ्यानंतर येणार, हे ठरले.

१६ मे.
पावसाळ्यानंतर येणार, म्हणून घर आत्ताच नीट लावायला घेतले. भिंतीला चुना दिला. तिच्यासाठी चुलीजवळ पाट ठेवला, म्हणजे तिने माझ्याबरोबरच जेवायला बसावे. नवे रिझोल्यूशन. यमुनाबाईंना दाखवले. चांगले केलेत, म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. धूर गेला असावा.

२० मे.
गंगारामच्या हातचे पत्र आले. 'अक्का सांगते ते लिहितो. मिठाच्या बरणीचे झाकण घट्ट लावावे, पावसात मीठ पाझरते. कुळथाच्या पिठाला एकदा ऊन द्यावे. सुकी मासळी माळ्यावरच्या डब्यात आहे. छातीला कफ धरला तर आले फडताळात उजवीकडे. शेवटच्या बोटीने माझे सामान आणि देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा पाठवावी.'
किती काळजी करते. पाचपैकी चार ओळी माझ्याच आहेत.
अन्नपूर्णा तिला लग्नात माहेरून मिळाली. पितळेची, बोटाएवढी. बाई आठ दिवस माहेरी जाते, चार महिने जाते, पण तिला देव्हाऱ्यातून हलवीत नाही. पावसाळ्यापुरती मागवली असेल.
पाचवी ओळ पुन्हा वाचली. पावसाळ्यापुरती कोणी मागवीत नाही.

२४ मे, रविवार.
शेवटची बोट. सौ.च्या सामानासाठी दोन ट्रंका काढून ठेवल्या होत्या. एकच लागली, तीही अर्धी. चार लुगडी, फणीकरंडा, एक शाल. एकोणीस वर्षांचे एवढेच. अन्नपूर्णा माझ्या मऊ धोतरात गुंडाळली. उरलेल्या जागेत पोरांसाठी आंबे घातले. ट्रंक बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढवून दिली. बोट दिसेनाशी होईतो थांबायचे नाही असे ठरवले होते. थांबलो.
घरी येऊन चूल पेटवली. हल्ली पहिल्या काडीला पेटते.
एक गोष्ट या वहीत लिहिली नव्हती. ती गेल्यापासून मी रोज दोघांचा भात टाकीत होतो. उरलेला मांजर खाई.
आज एकाचा टाकला. अंदाज बरोबर आला.