काठावरून पाहणी

४ जानेवारी, संध्याकाळ
खुर्च्या पुन्हा लावायला लावल्या. दोन-दोनच्या दोन ओळी, मध्ये चालायला जागा, टोकाला स्टूल म्हणजे नावाडी. आई पहिल्या ओळीत, मांडीवर पिशवी. चार वेळा चढउतार घेतली. कन्या फोन बघत होती. खरी होडी असती तर पाण्यात पडली असती, असं सांगितलं. म्हणाली, खरी होडी असती तर एव्हाना पोचलो असतो, बाबा. उद्धट. आईने चौथ्या फेरीनंतर उतरायला नकार दिला. बसून राहिली.

५ जानेवारी
नोंद असावी म्हणून. डॉक्टरांनी आईला काचबिंदू सांगितला आहे. डावा डोळा गेला. उजवा दोन-तीन महिने बरा, पुढचं सांगता येत नाही. आईचं एकच म्हणणं, दिसतंय तोवर बेटावरचा देव बघून येऊ. गाडीने पाच तास, मग होडीने बारा मिनिटं. माणसं चार. चाळीस प्राध्यापक आणि एक गळकी प्रयोगशाळा यांचं वेळापत्रक अठरा वर्षं मी एकटा लावतो. (प्राध्यापकांना वाटतं ते आपोआप लागतं.) बेट म्हणजे किरकोळ काम. महिनाअखेर निघायचं. नक्की.

९ जानेवारी
मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. टायरचं दुकान आहे, बोलतोही हवा भरल्यासारखा. भाऊजी, गाडी माझी आहे, आई तयार आहेत, मग घोडं अडलंय कुठे, असं विचारत होता. दहावीला दोनदा बसलेल्या माणसाला नियोजन समजावण्यात अर्थ नाही. समजावलं. दीड तास. शेवटी त्याचा डोळा लागला.

२७ जानेवारी
तिसरा आराखडा पूर्ण. सतरा पानं. एक उणीव: होडीत लाइफ जॅकेटं किती, कळत नाही. धक्क्यावरच्या ऑफिसला फोन केला. साहेब, माणसं रोज जातात आणि रोज परत येतात, असं उत्तर आलं. हे उत्तर नव्हे. आकडा मागितला. फोन ठेवला. असल्यांच्या भरवशावर म्हातारीला पाण्यावर घालणार नाही. नवी तारीख: १५ फेब्रुवारी.

११ फेब्रुवारी
बायको म्हणते, तुम्हाला पाण्याची भीती वाटते, एकदाचं कबूल करा, आम्ही तिघी जाऊन येतो. हास्यास्पद. मी रोज आंघोळ करतो. प्रश्न माझा नाही, व्यवस्थेचा आहे. तारीख तूर्त स्थगित. आई भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती, नाक टेकेल इतक्या जवळून. ही सवय वाईट, असं तिला सांगितलं.

३ मार्च
तोडगा सापडला. पाहणी दौरा. आधी मी एकट्याने जायचं. तीन रजा शिल्लक होत्या, तिन्ही टाकल्या. प्रिन्सिपल म्हणाले, परीक्षा तोंडावर आहेत, आता मेपर्यंत रजेचं नाव काढू नका. या माणसाला प्रिन्सिपल कोणी केलं, कळत नाही. हो म्हटलं.

५ मार्च, सकाळी ९.४० (काठावर)
बेट समोर. कळस दिसतो. होड्या चार, अवस्था शोचनीय. एकीत तीन मुलं, एक म्हातारी आणि एक मोटरसायकल. सगळे हसत होते. अडाणी.

११.१५
एक पाय ठेवून पाहिला. हलते. (होडी. पाय नव्हे.) नावाडी तिसऱ्यांदा विचारून गेला, काका, बसताय की नुसतं उद्घाटन करताय.

४.००
निष्कर्ष: पाण्याची पाहणी काठावरून जास्त तटस्थपणे होते. दुर्बिणीतून पायऱ्या मोजल्या. एकशे चार.

६ मार्च
पुन्हा काठावर. नावाड्याने आपणहून चहा आणून दिला. होतं काहींचं असं, म्हणाला. कशाचं, हे मी विचारलं नाही. बेटावर गेलो नाही. वेळेअभावी.

८ मार्च
घरी अहवाल वाचून दाखवला. आईने विचारलं, देव कसा आहे रे. अहवालात ही बाब नव्हती. चांगला आहे, म्हणालो. कन्येने फोटो मागितला. आत काढू देत नाहीत, असं सांगितलं. हे खरं असू शकतं.

२७ मार्च
टायरवाल्याचा फोन. शनिवारी पहाटे निघायचं, रविवारी परत. मला विचारलंच नाही, कळवलं. शनिवारी कॉलेज, रजा संपलेल्या. शिवाय शनिवार-रविवारच्या गर्दीला आराखड्यात, पान नऊवर, स्पष्ट मनाई आहे. ते पान आईला वाचून दाखवलं. म्हणाली, तुझ्या आराखड्याने आपण मेमध्ये जाऊ हं, आत्ता मी नुसती जाऊन येते.

२९ मार्च
गेले. आराखडा टेबलावर तसाच. अकराच्या सुमारास होडीत असतील. अकरा ते साडेअकरा कुठलंही काम नीट झालं नाही. बाहेर प्राध्यापकांचा गोंगाट होता.

३० मार्च, संध्याकाळ
परत आले. सगळे कोरडे. मेहुणा खास थांबून सांगून गेला, भाऊजी, बारा नाही, सातच मिनिटं लागतात. आकडा दुरुस्त केला. दिसला का देव, असं आईला विचारलं. दिसला की, म्हणाली. बायको उठून आत गेली.
मग कन्येने सांगितलं. आजी देवासमोर उभी राहिली आणि म्हणाली, दिवा लावा ना कोणीतरी. दिवे लागलेले होते. मग मामाने तिच्या कानाशी सगळं सांगितलं. डोळे मोठे आहेत, एक हात वर आहे, हार पिवळा आहे. आजी हो हो म्हणत होती. जानेवारीत दिसलं असतं, बाबा, असंही कन्या म्हणाली. ती डॉक्टर नाही. गाभाऱ्यात अंधार असतोच. आणि जन्मभर टायर बघितलेल्या माणसाचं वर्णन कितपत धरायचं.

३१ मार्च
सकाळी आईने चहा ओतला. कप शेजारी होता. मी ओटा पुसला आणि कॉलेजला गेलो.