हात थरथरले तर साखर

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि गेल्या आठवड्यात तुझी पोर्तुगीज भाषा मला इथे मस्कतमध्ये उपयोगी पडली. रुवीतल्या एका हॉस्पिटलात मी पेशंटसाठी माहितीपत्रकं तयार करते, अरबी, इंग्रजी, हिंदीत. त्या दिवशी वॉर्डात मोझांबिकचा एक खलाशी होता, माझ्याच वयाचा. जहाज सोहार बंदरात लागलेलं असताना चक्कर येऊन पडला होता, म्हणून त्याला इकडे मस्कतला आणलं होतं. साखर भयंकर वाढलेली, आता कायमचं इन्सुलिन. नर्स मोबाइलवर भाषांतर करून त्याला समजावत होती. "मॅडम, ये तो हर बात पे हाँ बोलता है," ती म्हणाली. जहाजाच्या एजंटचा माणूस दारातच उभा. "यल्ला, चला लवकर, डिस्चार्ज द्या, जहाज निघतंय." आणि तो खलाशी फोनवर बायकोला पोर्तुगीजमध्ये हळूच सांगत होता, की मला यातलं काही म्हणजे काही कळलेलं नाही. ते मला कळलं.

डोळ्यांसमोर आलं ते माझ्या लहानपणीचं आपलं ठाण्याचं स्वयंपाकघर: तू नारळ खवते आहेस. गोवा मुक्त होण्याआधी तू शाळेत शिकलेली ती भाषा माझ्याकडून घोकून घेतेस. चमचा, सुरी, मीठ. मी पुटपुटते आणि तू ओरडतेस, "शब्द गिळू नकोस गं, समोरच्यापर्यंत पोचू दे."

मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले आणि पोर्तुगीजमध्ये विचारलं, "हात थरथरले, घाम फुटला, तर काय कराल?" तो दचकला, मग म्हणाला, "आणखी एक इंजेक्शन घेईन." अगदी उलट, आई! हात थरथरणं म्हणजे साखर उतरलेली; तेव्हा इन्सुलिन टोचलं असतं, तर भर समुद्रात जिवावर बेतलं असतं. मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी डिस्चार्ज थांबवला.

पण माझी पोर्तुगीज स्वयंपाकघरापुरती. शोधताना इंटरनेटवर एक ग्रंथालय सापडलं. पोर्तुगीज बोलणारे देश आपापली आरोग्याची माहिती तिथे एकमेकांसाठी ठेवतात. मधुमेहाचं पत्रक ब्राझीलचं होतं, त्यातले काही शब्द त्याला अडले. मी तिथल्या पत्त्यावर लिहिलं. दुपारी मोझांबिकच्या राजधानीतून, मापुतोहून, एका ग्रंथपालबाईंनी त्यांच्याकडचं सोप्या भाषेतलं, चित्रांचं पत्रक पाठवलं, वर त्याच्या गावाजवळचा दवाखानाही कळवला. मग आम्ही दोघं ते मोठ्याने वाचत बसलो. शेवटी पत्रक बाजूला ठेवून तो स्वतःहून म्हणाला, "हात थरथरले तर आधी साखर."

"तुम्ही आमच्या जुन्या शाळामास्तरणीसारखं बोलता," तो हसला. "कुणी शिकवलं?"

"आईने."

"कुठे असते?"

"गोव्याची," एवढंच मी म्हणाले.

जहाज त्याला सोडून गेलं, पण तो विमानाने घरी सुखरूप पोचला. त्याच्या बायकोने मला व्हॉइस मेसेज पाठवला. कुणाला तरी सांगावंसं वाटलं म्हणून टोरांटोला लेकीला फोन केला. "सो नाइस, मम्मा! मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू?" वादी कबीरच्या या फ्लॅटमध्ये मी मग एकटीच जेवले.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून तुलाच सांगते. काल मी मापुतोच्या त्या बाईंना विचारलं, फ्रिज नसेल तर इन्सुलिन कसं ठेवायचं? जमलं तर फोनवरच सांगा, असंही लिहिलं. उत्तर मला पाठ आहे, आई. मला फक्त त्यांची पोर्तुगीज ऐकायची होती.