धाकटीकडचं ऑर्किड

बाबा, मी घरात ऑर्किड लावलंय. ह्यांना धुळीने दमा होतो म्हणून आमच्या फ्लॅटमध्ये खिडक्या बंद आणि दिवसभर एसी चालू असतो, हवा गार आणि कोरडी. नर्सरीवाला म्हणाला, "ताई, ही रुंद पानांची नका घेऊ, एसीत कळ्या गाळतात. हे डेंड्रोबियम न्या. गारठा, कोरडेपणा सोसतं. थंडीत पाणी जवळजवळ बंद ठेवायचं." मला हसू आलं. किहीमच्या बंगल्यात माळीकाम करताना तुम्ही हेच सांगायचात. फक्त सांगायचात ते धाकटीला.

तशी चूक माझीच. मी दहा वर्षांची होते. बंगल्यातल्या आंब्यावरचं ऑर्किड बांडगूळ समजून मी ओरबाडून काढलं. तुम्ही समोर येऊन उभे राहिलात तेव्हा माझ्या मुठीत अजून मुळं होती. "बांडगूळ झाडाला खातं गो. ह्ये नुसती बसाया जागा मागतं. तुला कदी कळायचं न्हाय." मग तुम्ही ते नारळाच्या सोडणाला सुंभाने बांधलंत आणि धाकटीच्या हातात दिलंत. "हिच्या हाताला गुण हाय," म्हणालात.

तुम्ही गेलात, तरी त्या एका वाक्यावर मी चाळीस वर्षं जळतेय. यंदा माझं डेंड्रोबियम भरभरून फुललं, सगळ्यांना फोटो पाठवले. आत्याने उलट विचारलं, "छान. धाकटीकडचं दादाचं झाड फुललं का गो?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं विकतचं ना, त्याला कोण विचारतो!

मग धाकटी लेकीच्या बाळंतपणाला माणगावला गेली. घराची चावी माझ्याकडे देताना म्हणाली, "ताई, कोंबड्यांना दाणे टाक. बाबांच्या झाडाला पानी नको घालूस हां. शिमग्यापर्यंत झोपलंय ते." पानं गळून नुसत्या काड्या उरल्या होत्या. मला सगळं ठाऊक होतं. तरी पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ, मी त्यावर तांब्या तांब्या पाणी ओतलं.

त्या काड्या आता बुडाशी काळ्या पडून मऊ झाल्यात. काल धाकटी माझ्या फुलांसमोर उभी राहिली, डोळे पुसत म्हणाली, "बाबांचं चुकलंच गो ताई. तुलाच द्यायला हवं होतं." मी तिला चहा दिला. सांगायचं होतं ते तिला, आणि लिहीत बसलेय तुम्हाला. खोटं कशाला बोलू, बाबा, तिचं ते बोलणं ऐकून मला बरं वाटलं.