शगुफाच्या मुलीसाठी एक खोली

जेद्दा,
१४ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप शालिनीमावशी,

नमस्कार. साष्टांग घालायला आता माझेही गुडघे कुरकुरतात, तेव्हा नुसता वाकून.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ते कानातलं यंत्र तुम्ही डबीतून बाहेर काढत नाही, म्हणून हे पत्र. जगदीशच्या ऑफिसातले अशोक काळे पुण्याला निघालेत, त्यांच्या हाती देतेय. सोबत खजूर आहेत. तुमचं गोडाचं पथ्य मला ठाऊक आहे, तेव्हा रोज एकच खा. आम्ही सगळे मजेत. ध्रुव यंदा बारावीला आहे आणि मी मराठीत काही विचारलं की इंग्रजीत उत्तर देतो. हवा जरा निवलीय, संध्याकाळी समुद्रावर जाऊन बसता येतं.

आता खरी बातमी. शगुफा सापडली. तुमची शगू, काबूलची. मागच्या खेपेला तुम्ही पाठीवर हात ठेवून विचारलंत, "त्या पोरीचं काय झालं गं?" आणि मी नुसती मान हलवली होती. तर ती सुखरूप आहे.

याला वर्ष होत आलं, फोनवर सांगून पाहिलं पण तुम्हाला ऐकूच आलं नाही. सापडली कशी, तेही सांगते. आमच्या मजल्यावर रईसाभाभी राहतात, मूळच्या रत्नागिरीच्या. मागच्या वर्षी एकदा धापा टाकत आल्या आणि म्हणाल्या, "विभा, तो कोपऱ्यावरचा तमीसवाला अफगाणी आहे ना, त्याची घरवाली मला म्हणते 'जरा सरका'. मराठीत! मी उडालेच." तमीस म्हणजे इथली तंदूरमधली मोठी गोल रोटी, सकाळी उसळीबरोबर खातात. ही भट्टी चालवणारी माणसं बहुतेक अफगाणच. मी पायात चप्पल अडकवून तशीच गेले. भट्टीच्या वरच्या खोलीत ती भाजी चिरत बसली होती. मला पाहिलं, सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "विभे, केवढी जाडी झालीस." मग आम्ही दोघी किती वेळ रडत होतो, कोण जाणे.

त्यानंतर आमचं सगळं बोलणं तुमच्या घरापाशीच येऊन थांबायचं. कॉलेजात असताना आम्ही दोघी भाड्याने राहायचो ती सहकारनगरची मागची खोली, भिंतीवरचा शगूचा जगाचा नकाशा, तुमची जुनी लूना. ती पहिल्यांदा एकटी लूना घेऊन गेली, तेव्हा तुम्ही फाटकात उभ्या राहिलात, आणि ती पर्वतीला वळसा घालून परत आल्यावर काय म्हणालात, आठवतं का? "पेट्रोल संपवलंस ना?" ती अजून तुमच्या आवाजात ते म्हणून दाखवते. आणि ते "मी आलो". तुम्ही भाजी निवडता निवडता तिला सुधारायचात, "अगं, आलो नाही, आले." एकदा ती वैतागून म्हणाली, "मावशी, आमच्या भाषेत 'तो' आणि 'ती'ला एकच शब्द आहे." तुम्ही म्हणालात, "मग तुमच्याकडे बायकांचं बरं चाललं असेल." ती हसली नाही. मग तुम्ही तिच्यापुढे निवडायला मेथी सरकवलीत. तिचं सगळं लहानपण पेशावरच्या निर्वासितांच्या छावणीत गेलं, हे त्या संध्याकाळी तिने आपल्याला सांगितलं होतं.

एम. ए. करून ती परत गेली, ते अगदी हट्टाने. "आता शाळा उघडल्यात, मुलींना भूगोल कोण शिकवणार?" म्हणाली होती. शिकवलाही. लग्न झालं, मुलगी झाली, तहमीना. नवरा, कादिर, कामासाठी इकडे आला, पण ती शाळा सोडायला तयार नव्हती. मग एकवीस साली तिकडे पुन्हा सगळं फिरलं. सहावीच्या पुढच्या मुलींना शाळा बंद. शगूची नोकरी गेली आणि तहमीनाची सातवी अर्ध्यावर राहिली. शगूने आपल्या आईच्या घरात, मागच्या खोलीत वर्ग सुरू केला. खिडक्या लावून घ्यायच्या, शिलाई मशीन मध्ये ठेवायचं, कुणी आलंच तर शिवणाचा वर्ग म्हणायचं.

कादिरने दोघींना इकडे बोलावलं, तेव्हा तहमीनाचा पासपोर्ट झाला नव्हता. चार-सहा महिन्यांत होईल म्हणून शगू पुढे आली आणि मुलगी आजीपाशी राहिली. आईच्या माघारी वर्ग मुलीने चालू ठेवला. खाली भट्टीचा गोंगाट, म्हणून शगू दुपारी माझ्याकडे यायची, माझ्या स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून ठेवायची आणि काबूलच्या मुलींना शिकवायची. मी पोळ्या करता करता ऐकत असे. भाषा कळत नव्हती, पण मध्येच "ब्रह्मपुत्रा" ऐकू आलं की मला उगाच भरून यायचं.

मावशी, मी मघापासून असं लिहितेय, जणू ती अजूनही त्या भट्टीच्या वर राहते. राहत नाही. ती परत गेली.

सप्टेंबरच्या शेवटी तिकडचं इंटरनेट बंद पडलं. तिचा फोन लागेना. ते दोन दिवस ती माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मुका फोन हातात धरून बसून होती. लाइन परत आली, तेव्हा तहमीना एवढंच म्हणाली की घरी तालिबानची माणसं येऊन वर्गावरून आजीला दटावून गेली आणि त्यातल्याच एकाने आपल्या भावासाठी तिला मागणी घातली. ती सतरा वर्षांची आहे. पासपोर्ट तेवढा हातात आला होता, पण घरच्या पुरुषाशिवाय तिला विमानात बसू देत नाहीत. कादिरला त्याचा कफील, म्हणजे इथला मालक, सुट्टी देईना. शगूचा भाऊ तिकडे आहे, पण घाबरलेला. "मी समोर असले तर तो निघेल," शगू म्हणाली.

विमानतळावर मीच सोडलं तिला. (मी आता इथे गाडी चालवते, हे तुम्हाला सांगायचंच राहिलं.) वाटेत मी म्हटलं, "शगू, तू जाऊ नकोस. दुसरा काहीतरी मार्ग काढू."

ती म्हणाली, "विभे, तिथे तुझा ध्रुव असता तर?"

मी गाडी विमानतळाच्या रस्त्याला वळवली.

तीन आठवड्यांनी तिचा भाऊ तहमीनाला घेऊन उतरला. कादिर आणि मी दारापाशी उभे होतो. दोघंच आले. मुलीला वाटत होतं की आई पुढच्या विमानाने येणार, तिला तसंच सांगितलं होतं. त्याच दिवशी मला शगूचा निरोप आला, तिच्याच आवाजात आणि मराठीत. तिथे कुणाला कळू नये म्हणून. ती म्हणाली, "आई आता उठून बसू शकत नाही. आणि या मुली रोज विचारतात, उद्या वर्ग आहे ना? मी नाही म्हणू शकत नाही. माझ्या मुलीला मी बाहेर काढलं, यांना कोण काढणार? कादिरला समजाव."

कादिरला काय समजावणार? तो भट्टीपाशी उभा होता, हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. म्हणाला, "भाभी, मैं रोटी बनाता हूँ. फ़ैसले घर में वो करती है." मग कितीतरी वेळ तो तेच पीठ मळत राहिला.

तहमीना आईवर रागावलीय. जेवते, विचारलं तेवढं बोलते. तिचा व्हिसा नुसता भेटीचा आहे, मार्चनंतर तिला इथे राहता येणार नाही. परत पाठवणं म्हणजे त्याच घरात, त्याच मागणीपाशी.

निरोपात शगूने शेवटी एक वाक्य म्हटलं होतं. ते लिहायला मला इतकी पानं लागली. "तिला मावशीकडे पाठव."

गुरुनाथकाकांच्या मागे तुम्ही मुली ठेवणं बंद केलंत, हे मला माहीत आहे. यापुढे कुणाची जबाबदारी नको, असं तुम्ही स्वतः मला म्हणालात. तुमचा शर्विल तुम्हाला बंगळुरूला न्यायला मागे लागलाय, तेही माहीत आहे. तुमचं वय, तुमचे गुडघे, सगळं दिसतं. तरीही विचारते. विद्यार्थी व्हिसासाठी जगदीश खटपट करतोय. मिळेलच असं नाही. पण ती कुठे राहणार आणि तिची काळजी कोण घेणार, हे लिहून द्यावं लागेल असं त्याला सांगितलंय. मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येईल. खर्च आमचा आणि कादिरचा. तुम्ही फक्त घर द्यायचं.

नाही म्हणालात तर मी समजेन, शगूलाही समजावीन. घाईने हो म्हणू नका.

काल मी तहमीनाला तुमच्याबद्दल सांगत होते. मावशी कडक आहेत, आठला घरी यावं लागतं, ताटात टाकलेलं चालत नाही. ती सगळं ऐकत होती. आपणहून काही विचारलं ते पहिल्यांदाच. म्हणाली, "ख़ाला, वहाँ खिड़की खुली रख सकते हैं?"

मी म्हटलं, "बंद ठेवलीस तर त्या ओरडतील."

हे मी तुमच्या वतीने सांगून बसलेय. मला खोटं पाडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुमची विभा